ज्युरी निवडीचं सॉफ्टवेअर: सोडत बरोबर आहे, पण सोडतीत टाकलेली यादी?

पल्लवी_परसोडी

नमस्कार मंडळी. मी नागपुरात, परसोडीच्या आयटी पार्कमधल्या एका लहान कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. सध्या आमच्याकडे अमेरिकेतल्या एका काउंटी (तिथला जिल्हा) कोर्टाचं काम आहे, ज्युरी निवडण्याचं आणि सांभाळण्याचं. काउंटीचं नाव सांगत नाही, कामाच्या अटी आहेत.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तिथल्या कोर्टाला खटल्यांत निकाल द्यायला सामान्य नागरिक लागतात, तीच ज्युरी. मतदारयादी आणि वाहन परवान्यांची यादी आमच्याकडे येते. दोन्ही एकत्र करून दुबार नावं काढायची की मास्टर यादी तयार. तिच्यातून संगणकाने नावं काढायची, त्यांना समन्स आणि प्रश्नावली पाठवायची. उत्तरं आली की कोण पात्र, कोणाला सूट, कोणाची तारीख पुढे ढकलायची हे ठरतं. मग हजेरी, पॅनेल, भत्ता. सॉफ्टवेअरचा मोठा भाग या पुढच्या कारकुनी कामाचा आहे आणि तो ठीक चालतो.

माझी अडचण आधीच्या भागात आहे. सोडत मी कसून तपासली. एक नाव दोनदा निघत नाही, तोच सीड (सोडत ज्या आकड्यापासून सुरू होते तो) दिला की तीच यादी निघते, सीड बदलला की वेगळी निघते. तरी चाचणीत २००० समन्स काढले की एका झिप कोडची (तिथला पिन कोड) नावं दरवेळी कमी भरतात. मूळ मतदारयादीत त्या भागाचा वाटा १२ टक्के आहे, समन्समध्ये तो साडेनऊच्या आसपास येतो. भाग अपार्टमेंटवाल्यांचा, भाडेकरूंचा. टीम लीड म्हणतात, "रँडम आहे नं, थोडं कमीजास्त होणारच. कोर्टाने मागितलं तेवढं तपास आणि बंद कर तिकीट." तिकीट म्हणजे आमच्याकडे चुकीची नोंद. मला ते बंद करवत नाही.

कारण मी जुने निकाल वाचून बसले आहे. कनेक्टिकट राज्यात हार्टफर्ड शहर आहे. तिथल्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टाच्या ज्युरी यादीत कित्येक वर्षं हार्टफर्डचा एकही माणूस येत नव्हता. फाईलमध्ये शहराच्या नावाला जागा कमी दिली होती, त्यामुळे नावाचं शेवटचं अक्षर 'डी' शेजारच्या रकान्यात जाऊन पडलं, आणि त्या रकान्यात 'डी' म्हणजे 'मयत'. संगणकाने अख्खं शहर मेलेलं धरलं. न्यू ब्रिटन हे दुसरं शहर तर यादीतूनच सुटलं होतं. त्या विभागातले बहुतेक कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोक नेमके याच दोन शहरांत राहत होते. १९९२ मध्ये एका आरोपीच्या वकिलाने आक्षेप घेतला म्हणून ते कोर्टासमोर आलं.

दुसरं मिशिगनमधल्या केंट काउंटीचं. २००१ आणि २००२ मध्ये तिथे पात्र नागरिक होते ४,५४,००० च्या घरात, आणि प्रोग्रॅम नावं काढत होता त्यातल्या १,१८,००० च्या आसपास नावांतून. कोणीतरी मर्यादेचा आकडा चुकीचा भरलेला. यादी झिप कोडच्या क्रमाने लावलेली, म्हणून वरचे झिप कोड भरभरून आले आणि खालचे जवळपास गळाले. ग्रँड रॅपिड्स शहरातले कृष्णवर्णीय त्या गळालेल्यांत जास्त. ते उघडकीला आणण्यात एका स्थानिक शाळेतल्या शिक्षकाचा हात होता. ज्युरीत कोण दिसतं आणि कोण दिसत नाही याचा त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन अभ्यास केला होता.

या दोन्ही ठिकाणी रँडम नंबर काढणारा कोड नीटच होता. त्या कोडवर चालवलेली प्रत्येक टेस्ट हिरवी आली असती. त्या दोन वर्षांत केंट काउंटीत ज्यांना शिक्षा झाल्या त्यांचे खटले पुढे कितीतरी वर्षं चालले. तुरुंगात बसलेल्या माणसाला आपली ज्युरी कशी निवडली गेली हे कळायला मार्ग नसतो. आमच्यासारख्या कोणीतरी आधी बघितलं तरच.

तेव्हा मला विचारायचं आहे की नुसता योगायोग आणि खरी गळती यातला फरक आकड्यांत कसा दाखवायचा, तोही लीडला आणि पुढे कोर्टाच्या क्लार्कला पटेल असा? आणि दुबार नावं काढण्याचा नियम किती कडक ठेवावा? संख्याशास्त्राचे कोणी असतील, कोर्टात काम केलेले कोणी असतील, तर कृपया सविस्तर लिहा.

संख्याशास्त्र_मास्तर

पल्लवी, तिकीट बंद करू नकोस. हिशेब सोपा आहे, कागदावर होतो.

२००० समन्समध्ये १२ टक्के वाट्याने २४० अपेक्षित. प्रमाण विचलन, म्हणजे योगायोगाने आकडा साधारण किती इकडेतिकडे होतो ते, २००० गुणिले ०.१२ गुणिले ०.८८ याचं वर्गमूळ, साडेचौदाच्या जवळ. दोन विचलनं दोन्हीकडे धरली तर २११ ते २६९ हा नेहमीचा पट्टा. तुझे साडेनऊ टक्के म्हणजे १९०. ते अपेक्षेपेक्षा जवळपास साडेतीन विचलनं खाली आहे. एकदा आलं असतं तर मी म्हटलं असतं, पुन्हा काढून बघ. तू लिहितेस दरवेळी, आणि प्रत्येक वेळी खालीच. योगायोग असता तर कधी वर गेला असता. "रँडम आहे, कमीजास्त होणारच" या वाक्यातला 'जास्त' तुझ्या आकड्यांत कुठेच दिसत नाही, हे लीडला दाखव.

ही पद्धत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतः वापरलेली आहे. कास्टानेडा विरुद्ध पार्टिडा, १९७७. टेक्सासमधल्या हिडाल्गो काउंटीत लोकसंख्येच्या ७९.१ टक्के मेक्सिकन-अमेरिकन, आणि अकरा वर्षांत ग्रँड ज्युरीसाठी (आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणारी ज्युरी) बोलावलेल्या ८७० जणांत ते फक्त ३३९. अपेक्षित होते ६८८. विचलन १२ च्या जवळ, म्हणजे फरक २९ विचलनांचा. निकालाच्या तळटीपेत हे सगळं गणित मांडलं आहे. तुझ्या अहवालात ते जोड. कोर्टाच्या क्लार्कला मी किंवा तू सांगितलेल्या सूत्रापेक्षा ते जवळचं वाटेल.

आता महत्त्वाचं. समन्सची तुलना तू मूळ मतदारयादीशी करते आहेस. मध्ये दोन पायऱ्या आहेत. त्या झिप कोडचा वाटा प्रत्येक पायरीवर मोज: आलेली मतदारयादी, आलेली परवान्यांची यादी, एकत्र केलेली, दुबार काढून उरलेली, आणि मग निघालेले समन्स. मास्टर यादीतच वाटा साडेनऊ असेल तर सोडत निर्दोष आहे आणि गळती वरच्या पायरीवर आहे. मला तीच शंका वाटते. सगळ्या झिप कोडांसाठी एकत्र काय-वर्ग (chi-square) चाचणीही लाव, अपेक्षित आणि आलेल्या आकड्यांतला फरक एकदम तपासणारी, म्हणजे फक्त याच भागाकडे बघत बसलीस असं कोणी म्हणणार नाही.

आणि नुसत्या कोडवर भरवसा ठेवण्याविषयी. १ डिसेंबर १९६९ ला अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या सैन्यभरतीची सोडत झाली, जन्मतारखेच्या कुप्या भांड्यातून हाताने काढून, टीव्हीवर, सगळ्यांसमोर. कुप्या नीट ढवळल्या नव्हत्या. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांचे क्रमांक लवकर लागले. कुणाच्या मनात काही नव्हतं, तरी झालं. आकडे मांडल्यावरच ते दिसलं.

निवृत्त_अधीक्षक

पल्लवीताई, मी दिवाणी आणि फौजदारी दोन्ही शाखांत नोकरी करून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. ज्युरी मी पाहिलेली नाही. आपल्याकडची ज्युरी नानावटी खटल्याने संपली असं लोक सरसकट सांगतात. १९५९ चा तो खटला, मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्युरीने ८ विरुद्ध १ ने निर्दोष म्हटलं आणि न्यायाधीशांनी ते न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, हे खरं. पण विधी आयोगाने ज्युरी बंद करण्याची शिफारस त्याच्या आधी, १९५८ च्या चौदाव्या अहवालात केली होती, आणि कायद्यातून ती गेली १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, १ एप्रिल १९७४ पासून. पारशी विवाहांच्या न्यायालयात आजही न्यायाधीशांसोबत पाच डेलिगेट बसतात, तेवढाच अवशेष.

माझा अनुभव समन्सचा आहे, आणि तुमच्या कामात तो लागू पडेल असं वाटतं. बेलिफ समन्स घेऊन जातो आणि शेरा मारून परत आणतो. 'सदर इसम या पत्त्यावर राहत नाही.' 'घर बंद.' 'पत्ता अपूर्ण.' 'घेण्यास नकार.' या चारही शेऱ्यांचा अर्थ वेगळा आणि पुढची कारवाईही वेगळी. ज्या वस्तीत घरांना नंबर नाहीत, 'राशन दुकानामागे, पिंपळाजवळ' असा पत्ता, तिथली समन्सं बिनबजावणीची परत येण्याचं प्रमाण कायम जास्त. पक्क्या प्लॉटच्या लेआउटमध्ये नावाची पाटी असते, तिथे बजावणी सहज होते. म्हणजे माणूस कोर्टाला टाळतो की कोर्ट त्याच्यापर्यंत पोचलंच नाही, हे त्या शेऱ्यावरून कळतं. शेरा नीट नसेल तर गरीब माणूस फुकट बेजबाबदार ठरतो. मला याचं फार वाईट वाटायचं.

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'गैरहजर' असा एकच रकाना असेल तर तो फोडून घ्या. टपाल परत आलं, माणूस काउंटी सोडून गेला, टपाल पोचलं पण उत्तर नाही, उत्तर दिलं पण आला नाही. हे चार वेगळे ठेवा आणि भागवार मोजा. सोडत कितीही न्याय्य असली तरी इथे पुन्हा तोच भाग गळू शकतो.

बीएलओ_शिक्षिका

मी महानगरपालिकेच्या शाळेत आहे, मतदारयादीचं काम दरवेळी आमच्याच गळ्यात. दुबार नावांबद्दल लिहिते, कारण ते मी दारोदार जाऊन केलं आहे.

कागदावर दुबार दिसणारी नावं घरी गेल्यावर दोन माणसं निघतात. आमच्या भागात मेश्राम, वानखेडे, रामटेके, शेख यांची घरंच्या घरं आहेत. एकाच गल्लीत दोन प्रकाश मेश्राम, वडिलांचं नावही एकच, वयात दोन वर्षांचा फरक. ऑफिसात बसून कोणी एक नाव काढलं असतं तर जिवंत मतदार गेला असता. उलट वानखेडे आणि वानखडे, मोहम्मद आणि मोहंमद अशी एकाच माणसाची दोन नावं राहून जातात. नियम सैल ठेवला की ज्या समाजांत आडनावं थोडी आणि वस्ती दाट, त्यांचीच माणसं जास्त कापली जातात. तुझ्या त्या अपार्टमेंटवाल्या भागात कोण राहतं ते बघ, आणि दुबार म्हणून काढलेली नावं डोळ्यांनी वाच. सगळी नको, पण काही पानं तरी वाच गं.

अजून एक. मतदान यंत्रांचं रँडमायझेशन आमच्याकडे पक्षांच्या प्रतिनिधींसमोर करतात आणि यंत्रांच्या क्रमांकांची यादी त्यांच्या हातात देतात. तुमच्याकडे निवडीनंतर कोणाला काय दाखवता?

धरमपेठ_ते_डॅलस

पल्लवी, मी मूळचा धरमपेठेतला, आता टेक्सासमध्ये. नागरिकत्व घेतल्यावर ज्युरीचं समन्स आलं, तेव्हाचं सांगतो.

पोस्टाने कार्ड येतं, त्यावर क्रमांक. वेबसाइटवर प्रश्नावली भरायची, आदल्या संध्याकाळी पाहायचं की आपला गट बोलावला आहे का. सकाळी मोठ्या हॉलमध्ये सगळे बसतात. नावं पुकारून एक पॅनेल न्यायालयात नेतात, तिथे दोन्ही बाजूंचे वकील प्रश्न विचारतात आणि काहींना वगळतात. टेक्सासमध्ये गंभीर गुन्ह्याला बारा जण, काउंटी कोर्टातल्या लहान गुन्ह्याला सहा. मी निवडला गेलो नाही, तरी त्या हॉलमध्ये बसून लोक पाहिले ते आठवतात. रोजंदारीवर असलेला माणूस घड्याळ बघत होता. त्याच्यासाठी तारीख बदलण्याची सोय फोनवर सोपी असणं फार मोठी गोष्ट आहे, तुमच्या टीमने तो भाग जीव लावून करावा.

मास्तरांच्या हिशेबात एक भर. तुलना कशाशी करायची हे जपून ठरव. वाहन परवाना ग्रीन कार्डवाल्यालाही मिळतो, व्हिसावाल्यालाही. मलाही होता, नागरिक नसताना. ते लोक यादीत येतात आणि प्रश्नावलीत अपात्र ठरतात. त्यामुळे एकूण लोकसंख्येशी तुलना केलीस तर परदेशी लोकांची वस्ती उगाच गळलेली दिसेल. अमेरिकेच्या जनगणना विभागाकडे अठरा वर्षांवरच्या नागरिकांचे भागवार अंदाज मिळतात, ते घे. आणि ज्या भागात गाड्या कमी तिथे परवाने कमी, म्हणून दोन याद्या जोडल्यावर मतदारयादीतला १२ टक्के वाटा थोडा हलणं साहजिक आहे. किती हललं आणि कुठल्या पायरीवर, हे मास्तर म्हणतात तसं मोजल्याशिवाय कळणार नाही.

अधीक्षककाकांच्या मुद्द्यावरही इथे उपाय निघाले आहेत. काही फेडरल कोर्टं एखाद्या झिप कोडमधून समन्स परत आलं की बदली समन्स त्याच झिप कोडमधल्या दुसऱ्या नावाला पाठवतात. तुमच्या काउंटीच्या नियमात बसतं का ते क्लार्कला विचारावं लागेल, मनाने करू नका.

पल्लवी_परसोडी

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर सरांनी सांगितल्याप्रमाणे पायरीपायरीने वाटा मोजला.

मतदारयादीत १२. परवान्यांच्या यादीत थोडा कमी, डॅलसवाले दादा म्हणाले तसं. एकत्र केल्यावर साडेअकराच्या जवळ. दुबार काढल्यावर साडेनऊ. गळती तिथे होती, आणि सोडत त्याच साडेनऊशी इमानदार होती.

मग ताईंनी सांगितलं तशी काढलेली नावं वाचत बसले. जन्मतारीख दोन्ही याद्यांत असेल तर नियम तारीख जुळवतो. नसेल तर नाव आणि पत्ता जुळवतो. पण पत्ता आत घेताना अपार्टमेंटचा नंबर वेगळ्या रकान्यात जातो आणि जुळवणी तो रकाना बघतच नाही. म्हणजे मोठ्या संकुलातले होजे गार्सिया नावाचे दोन भाडेकरू, वेगवेगळ्या मजल्यांवरचे, एक झाले. न्विन आडनावाच्या व्हिएतनामी कुटुंबांचंही तेच. स्वतंत्र घरांच्या भागात प्रत्येक घराला आपला नंबर, तिथे काहीच बिघडलं नाही. मेश्रामांची गल्लीच ती, ताई.

लीडसमोर आकडे ठेवले, काढलेल्या नावांचं एक पान ठेवलं. त्यांनी ते पान पूर्ण वाचलं आणि स्वतः तिकिटाची प्राथमिकता वाढवली. आता जन्मतारीख नसेल तर अपार्टमेंट नंबर जुळल्याशिवाय नाव काढायचं नाही, आणि शंकेची जोडी क्लार्कच्या यादीत टाकायची, असा बदल सुचवला आहे. थोडी खरी दुबार नावं राहतील. त्या माणसाची निवडीची संधी दुप्पट होते, ते चूकच आहे, पण प्रश्नावली भरताना तो स्वतः सांगू शकतो. ज्याचं नाव यादीतून गेलं त्याच्याकडे आपण कधी काही विचारतच नाही. म्हणून माझं मत कडक जुळवणीकडे झुकतं.

गैरहजेरीचे चार रकानेही मागितले आहेत, काका.

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: तिकडे १९६८ च्या ज्युरी निवड कायद्याने फेडरल कोर्टांत पक्षकारांना निवडीचे कागद तपासता येतात, आणि १९७५ मध्ये टेस्ट विरुद्ध युनायटेड स्टेट्स या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जवळपास बिनशर्त मानला. आमची काउंटी राज्याच्या कायद्याखाली येते, पण मी त्याच हिशेबाने नोंद मागितली आहे. प्रत्येक निवडीला सीड, तारीख, आलेल्या फायलींचे चेकसम (फाईल बदलली का हे ओळखायचा आकडा), आणि प्रत्येक पायरीवर झिप कोडवार किती नावं उरली ते. वकिलाने मागितलं तर एका पानात देता यावं.

संख्याशास्त्र_मास्तर

छान काम केलंस. त्या एका पानात समन्सनंतरच्या पायऱ्याही घाल: प्रत्यक्ष हजर किती, पॅनेलवर किती, भागवार.

आणि ती फाईल एक्सेलमधून जाते का ते आधी बघ. ईशान्येकडच्या राज्यांत झिप कोड शून्याने सुरू होतो. एक्सेल त्याला संख्या समजून सुरुवातीचं शून्य खातो आणि पाच आकड्यांचा कोड चार आकड्यांचा होतो. तुमची काउंटी तिकडची असेल तर तुझ्या भागवार मोजणीतच घोळ होईल. झिप कोड मजकूर म्हणून वाचायला लाव, आणि पाच आकडे नसलेल्या ओळी किती ते पहिल्याच पायरीवर छापून घे.

पल्लवी_परसोडी

जाते सर, एक्सेलमधूनच येते. उद्या सकाळी हेच पहिलं बघते.